परतीच्या बोलीवर

कपाट उघडलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, मग जुन्या पुठ्ठ्यांचा, आणि या दोन्ही वासांच्या मागून, जरा उशिरानं, रबर, यंत्राचं तेल आणि तापलेलं प्लास्टिक यांचा मिळून एक निराळाच वास यायचा, जो त्या काळच्या पुण्यात मला तरी दुसरीकडे कुठे मिळाला नाही. कपाट लोखंडी, राखाडी, दाराला मधोमध पोचा आलेला; कुलूप उघडताना मामा त्या पोच्यावर डावा तळवा दाबून धरायचे, तेव्हा कुठे किल्ली फिरायची. वरच्या कप्प्यांत शब्दकोश, तळाशी खडूंची खोकी आणि डस्टर, आणि मधल्या कप्प्यात, धुवट पंचाच्या घड्यांमध्ये वेगवेगळे गुंडाळून ठेवलेले विभागाचे वॉकमन. १९८४-८५चा सुमार. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात संध्याकाळ झाली की सायकली आणि लुना यायला लागायच्या. बँकेतून सुटलेले कारकून, इंजिनिअरिंगची मुलं, संस्कृतात एम.ए. करणाऱ्या मुली, एखादे निवृत्त गृहस्थ असे सगळे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकायला जमत, आणि त्यातले काही जण वर्ग सुटल्यावर घरची वाट न धरता या कपाटासमोर रांग लावत.

मामा म्हणजे विभागाचे शिपाई. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, सरसुद्धा. त्यांची खाकी टोपी टेबलावर उताणी ठेवलेली असायची आणि त्या टोपीत आमची ओळखपत्रं जमा व्हायची. मग जाडजूड नोंदवहीत, निळ्या शाईच्या तिरप्या अक्षरात, यंत्राचा क्रमांक, हेडफोन आहे, चामडी खोळ आहे, कॅसेट अमुक, बाजू पहिली की दुसरी, आणि शेवटच्या रकान्यात आमची सही. ‘सकाळी दहाच्या आत. सेल तुमचे तुम्ही घाला. खोबरेल लावलेल्या डोक्यावर हेडफोन चढवू नका,’ एवढी तीन वाक्यं प्रत्येकाला, रोज, न कंटाळता. यंत्र हातात देण्याआधी मामा ते स्वतःच्या कानाला लावून बघत. कळ दाबली की आत एक बारीक ‘खट्’ व्हायचं, क्षणभर फुसफुस, आणि मग मामांचा चेहरा ऐकणाऱ्या माणसाचा व्हायचा. दोन-चार वाक्यं होईपर्यंत ते थांबत आणि मगच म्हणत, ‘हं, चालतंय.’ अशी चाचणी घेऊन घेऊन चारही भाषांतल्या सगळ्या धड्यांची पहिली वाक्यं त्यांच्या कानात मुरली होती. अर्थ विचारला तर मान हलवायचे, पण एखाद्या नव्या मुलीला ‘गुटन टाग’ म्हणताना त्यांचा उच्चार असा काही नेमका सुटायचा, की वर्गात आम्ही महिनोन्महिने खटपट करूनही तो आम्हांला साधला नव्हता. मला ते तेव्हाही फार सुंदर वाटायचं. भाषा आधी कानानं शिकायची असते, हे सर फळ्यावर लिहून सांगत. मामांकडे बघून ते कळायचं.

कपाटातलं सगळ्यांत जुनं यंत्र निळं-रुपेरी होतं. जपानी शिकवणाऱ्या बाई शिष्यवृत्तीवर टोकियोला गेल्या होत्या, तिथून परतताना त्यांनी ते स्वतःसाठी आणलं आणि वर्षभरानं विभागाला देऊन टाकलं. सोनी कंपनीनं १ जुलै १९७९ रोजी बाजारात आणलेलं हे पहिलं वॉकमन, किंमत ३३,००० येन, सेलसकट वजन चारशे ग्रॅमच्या आतबाहेर. त्याची जन्मकथा बाई आम्हांला सांगत. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायची हौस, त्यासाठी बरोबर न्यायचं यंत्र अवजड. मग पत्रकारांसाठी केलेल्या एका छोट्या टेपरेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रणाचा भाग काढला, स्पीकर काढला आणि फक्त ऐकण्याचं यंत्र उरलं. टेपरेकॉर्डर असून टेप न करणारं यंत्र कोण घेणार, अशी शंका तेव्हा पुष्कळांना होती आणि पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० विकले गेले. पण आम्हां भाषा शिकणाऱ्यांना त्यातली उणीवच सोयीची होती. जे यंत्र टेप करू शकत नाही, ते वापरून कुणाला चुकूनही धडा पुसता येत नाही. बाकीच्या टेपरेकॉर्डरांच्या भीतीनं मामांनी प्रत्येक कॅसेटच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या केव्हाच मोडून ठेवल्या होत्या, म्हणजे लाल कळ दाबली तरी ती दबत नसे.

वॉकमन येण्याआधी परदेशी आवाज ऐकायचा तर भाषा-प्रयोगशाळेत जावं लागे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला भराभर भाषा शिकवण्याची गरज पडली, तिथून ऐका-आणि-म्हणा ही पद्धत फोफावली, आणि पुढे साठ-सत्तरच्या दशकांत जगभरच्या विद्यापीठांनी लाकडी खोपट्यांच्या रांगा उभारल्या. प्रत्येक खोपट्यात एक टेप, जड हेडफोन, समोर काच. आणि सगळ्यांच्या समोर शिक्षकांचं टेबल, ज्यावरून ते कोणत्याही विद्यार्थ्याच्या कानात हळूच उतरू शकत. टेपवर दोन पट्टे असत: एकावर शिक्षकाचा आवाज, जो पुसता येत नसे, आणि दुसऱ्यावर आपला, जो पुन्हापुन्हा पुसून भरता येई. यंत्रणा विचारपूर्वक केलेली होती, पण खोली दुपारी तापायची, पंख्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरायचा, आणि तासाची घंटा झाली की उठावं लागायचं. जिभेला वळण लागायला जो निवांत, रिकामा, कुणी बघत नसलेला वेळ लागतो, तो त्या खोपट्यात मिळत नसे. वॉकमननं तो खिशात घालून दिला.

या निळ्या यंत्राची खरी मौज अशी, की त्याला हेडफोन लावायची भोकं दोन होती. एकट्यानं कानात बोळे घालून बसणं असभ्य दिसेल, असं कंपनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांना वाटलं, म्हणून ही सोय. मधे एक नारिंगी बटण होतं. ते दाबून धरलं की कॅसेटचा आवाज खाली बसायचा आणि यंत्रातला बारीक मायक्रोफोन जागा होऊन बाहेरचं बोलणं कानात यायचं, म्हणजे हेडफोन न काढता शेजारच्याशी बोलता येत असे. पुढच्या यंत्रांतून हे दोन्ही निघून गेलं. पण विभागात या दोन भोकांमुळे एक प्रथाच पडली: निळं यंत्र जोडीनंच न्यायचं. माझा जोडीदार वर्गातला एक मित्र. त्याची सायकल माझ्यापेक्षा बरी होती आणि उच्चारही. आम्ही पावसाळ्यातल्या उघडीपीत फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवर जायचो. वाटेवर ओल्या मातीचा आणि घाणेरीच्या चुरडलेल्या पानांचा वास, दगडांवर शेवाळाची मऊ लव, खाली कुठेतरी मोरांचा ओरडा. आणि कानात, दोघांच्याही कानात एकाच क्षणी, म्युनिकच्या रेल्वे स्टेशनावर कुणी बाई विचारते आहे की दहा वाजताची गाडी कोणत्या फलाटावरून सुटते.

तिनं विचारलं की टेपवर एक कोरी जागा यायची. ही कोरी जागा म्हणजे त्या सगळ्या शिक्षणाचा प्राण. आधी प्रश्न, मग शांतता, ज्यात उत्तर आपण द्यायचं, मग टेपवरच्या माणसाचं बिनचूक उत्तर, मग पुन्हा शांतता, ज्यात आपण ते त्याच्यासारखं म्हणायचं. चार पायऱ्यांची कवायत. त्या शांततेची लांबी कुठल्याशा जर्मन स्टुडिओत कुणी ठरवली होती, आणि ती ज्याला ती भाषा येते त्याच्या वेगानं ठरवली होती. सुरुवातीला आमचं वाक्य निम्म्यावर येईतो तो माणूस बोलू लागायचा, आमचं क्रियापद, जे जर्मनमध्ये पुष्कळदा शेवटी येतं, ते हवेत लोंबत राहायचं, आणि मित्र यंत्र थांबवून मागे गुंडाळायचा: सर्र... खट्... पुन्हा तेच स्टेशन, तीच बाई, तीच दहाची गाडी. मग कधीतरी, हिवाळा लागता लागता, ती शांतता हळूहळू रुंद होत गेली. वाक्य संपून वर थोडी जागा उरायला लागली. टेकडीवरचं गवत तोवर पिवळं पडलं होतं, त्याची कुसळं मोज्यांत अडकायची, आणि त्या उरलेल्या जागेत आम्ही दोघं श्वास घेत थांबायचो, त्या माणसाची वाट बघत. परीक्षेचे गुण आले, प्रमाणपत्र आलं, पण भाषा आपल्याकडे येते आहे हे मला त्या उरलेल्या जागेनं सांगितलं.

नारिंगी बटणाचा उपयोग आम्ही वेगळाच केला. ते दाबून धरायचं आणि यंत्र तोंडाजवळ आणून बोलायचं, म्हणजे आपलाच आवाज, परका होऊन, आपल्या आणि जोडीदाराच्या कानात. ‘इश’मधलं ते जर्मन व्यंजन, जे आपल्या ‘श’सारखं लिहावं लागतं पण ‘श’ नव्हे, सरांनी आम्हांला असं समजावलं होतं: जीभ ‘य’च्या जागी न्या आणि आवाज न काढता नुसता श्वास सोडा. ‘ऊ’वरच्या दोन टिंबांसाठी जीभ ‘ई’ची ठेवा आणि ओठ ‘ऊ’चे करा. कागदावर हे सोपं. टेकडीवर, ओठांचा चंबू करून, दोन तरुण मुलं एका डबीत फुंकर घालत बसलेली बघून फिरायला आलेली मंडळी थांबायची. एक आजोबा रोज विचारायचे, ‘काय, आलं का आज?’ आणि ज्या दिवशी आलं, त्या दिवशी मित्रानं स्वतःच्या कानातला हेडफोन काढून त्यांच्या टोपीवर चढवला आणि मी ‘इश’ म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘स्वच्छ!’ मराठी माणसाला मात्र जर्मनचा ‘त्स’ जन्मतःच मिळालेला असतो, कारण आपण ‘चाक’ आणि ‘चूल’ म्हणतो. हिंदी भाषक मित्र ‘त्साइट’ म्हणताना अडखळायचे तिथे आम्ही सरळ पुढे जायचो, आणि त्याचा आनंद आम्हांला पुष्कळ दिवस पुरला.

रात्री यंत्र कुणाच्या घरी, हे पाळीनं ठरायचं. माझ्या पाळीला ते सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात यायचं, पावसात प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, रेनकोटच्या आत, छातीशी धरून. आई त्याला स्वयंपाकघरातल्या फडताळावर, बरण्यांच्या मागे जागा करून द्यायची, कारण तिथे ओल नव्हती. हेडफोनच्या नारिंगी स्पंजाचा पुण्याच्या हवेत भुगा व्हायचा, कानांना भुरकट कण चिकटायचे. ते पाहून तिनं जुन्या मलमलीची दोन इवली टोपडी शिवली, बारीक इलॅस्टिक घालून, आणि दुसऱ्या दिवशी मामांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, ‘आईला म्हणावं, अजून चार जोड लागतील.’ तिनं दिले. पुढे दरवर्षी नवी मुलं ती टोपडी घालून ऐकत राहिली. कुणी शिवली हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वाडा निजला की मी माजघराच्या उंबऱ्याशी, पाठ भिंतीला लावून बसायचो. स्पीकर नसल्यामुळे कुणाची झोपमोड नाही. चौकातल्या नळाची ठिबक, पलीकडच्या बिऱ्हाडातल्या आजोबांचा खोकला, पहाटे गवळ्याच्या सायकलवरच्या कॅनचा खणखणाट, हे सगळं मलमलीतून गाळून आत यायचं आणि त्याच्या अलीकडे, कानाला अगदी टेकून, ती बाई बोलत असायची.

पेन्सिल सेल महाग होते. ते उतरायला लागले की यंत्र थांबत नसे, थकत असे. टेपनं सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायचं असतं. चाक मंदावलं की आवाज मंदावतो आणि त्याबरोबर खालीही जातो. म्युनिकची बाई बोलता बोलता पुरुष व्हायची, मग आजारी पुरुष, आणि शेवटी विहिरीतून यावा असा एक घोगरा हुंकार उरायचा. मग सेल काढून दुसऱ्या दिवशी कौलांवर उन्हात ठेवायचे. त्यानं आणखी एखादा धडा निघत असे. ते उन्हात तापलेले सेल तळहातावर घेतल्यावर लागणारी ती ऊब, आणि यंत्रात सरकवताना स्प्रिंगचा तो हट्टी, चिवट दाब, हे मला अजून बोटांत आठवतं.

कॅसेटवर माझ्या आधीच्यांच्या खुणा असायच्या. कुणीतरी नेहमी सातव्या धड्यातल्या त्याच जागी थांबायचं आणि तिथेच सोडून द्यायचं. टेप हातात आली की ती तिथून सुरू व्हायची, आणि मी ओळखायचो की आपल्या आधी ज्यानं ती नेली, त्याला आपल्याइतकंच हे संभाव्यतेचं वाक्य छळतं आहे. रीळ गुंडाळायला आम्ही सहा कोनांची पेन्सिल वापरायचो, सेल वाचावेत म्हणून. पांढऱ्या दातांत ती नीट बसायची आणि भिरभिर फिरायची. टेप कुठे ओढली गेली असेल तिथे आवाजाला क्षणभर चुणी पडायची. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेल्या टेपमध्ये आणखी एक गोष्ट व्हायची, जिचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतं. म्हणून शांत खोलीत, मन लावून ऐकलं, तर बाई प्रश्न विचारायच्या दीड-दोन सेकंद आधी तोच प्रश्न फार दुरून, फार हलक्या आवाजात, ऐकू यायचा. आम्ही त्याला ‘चाहूल’ म्हणायचो. चाहूल ऐकू यावी म्हणून मी श्वास रोखून बसत असे.

ज्यांना यंत्र मिळायचं नाही ते नक्कल करून घेत. टी-सिरीजनं आणि इतरांनी कोऱ्या कॅसेट स्वस्त केल्या होत्या, आणि डेक्कनवरच्या दुकानांतून दोन कॅसेट घालायचे टू-इन-वन दिसायला लागले होते. पण नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असं होत गेलं की टेपची फुसफुस वाढते आणि वरच्या पट्टीतले बारीक स्वर गळून जातात. जर्मनचे ‘श’, ‘स’ आणि ते ‘इश’मधलं व्यंजन हे सगळे त्याच वरच्या पट्टीत राहतात. साताऱ्याहून दर शनिवारी येणारा एक मुलगा अशा तिसऱ्या हातच्या कॅसेटवर शिकला होता. व्याकरणात तो आम्हां सगळ्यांच्या पुढे. उच्चारात मात्र त्याची तीन व्यंजनं एकमेकांत विरघळलेली. त्यानं जे ऐकलं तेच तो म्हणत होता, निष्ठेनं. मला त्याची आठवण आली की आजही वाटतं, त्याला आठवडाभर ते निळं यंत्र आणि मूळ कॅसेट मिळायला हवी होती. परगावच्यांना यंत्र न देण्याचा नियम होता, कारण सकाळी दहाला ते परत आलं पाहिजे. नियम करणाऱ्याचीही अडचण खरी होती. यंत्रं मोजकी, मागणी फार.

पुस्तकातली भाषा आम्हांला मुबलक मिळत होती. शुल्त्स आणि ग्रीसबाख यांचं ते सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पेन्सिलच्या खुणांसकट मिळायचं, शब्दकोश ग्रंथालयात होते, सोव्हिएत पुस्तकं तर नाममात्र किमतीत. आवाज मात्र मिळत नव्हता. तो उसना घ्यावा लागायचा आणि सकाळी परत करावा लागायचा. रेडिओ होता, डॉइच वेले १९५३पासून जर्मन आवाज जगभर पाठवत होतं, आणि मी रात्री शॉर्टवेव्हची सुई केसभर सरकवत तो शोधायचो, पण तो लाटांवर वरखाली व्हायचा, नेमका क्रियापदाशी बुडायचा, आणि त्याला मागे गुंडाळता येत नसे. वॉकमनमध्ये मात्र माणूस मागे यायचा. एकच वाक्य, त्याच कंटाळा न येणाऱ्या आवाजात, पुन्हा, पुन्हा. मी कधीकधी इरावती कर्व्यांचा विचार करत असे. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या, आणि तिथल्या विद्यापीठात जर्मनमध्ये ऐकत, बोलत, लिहीत त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या पिढीला तो आवाज ऐकायला समुद्र ओलांडून जावं लागलं. आमच्याकडे तो समुद्र ओलांडून आला होता, आणि बरण्यांच्या मागे, कोरड्या जागी, पंचात गुंडाळून ठेवलेला होता. याचं मोल आम्हांला तेव्हा पुरतं कळत होतं. म्हणून आम्ही तो अख्ख्या कानानं ऐकला. सकाळी तो जाणार होता.

मग हळूहळू कपाट बदलत गेलं. निळ्या यंत्राचा रबरी पट्टा सैल झाला, तो पुण्यात मिळेना; तोवर इतर हलकी यंत्रं आली होती, स्वतःहून बाजू बदलणारी. पुढे तबकड्या आल्या, मग अंगठ्याएवढी, टेप नसलेली यंत्रं, ज्यांत एका भाषेचे सगळे धडे मावत. मी तोवर शिकवायला लागलो होतो, आणि दुसऱ्या एका संस्थेत याच वस्तूंच्या नोंदी, मामांच्याच रकान्यांत, माझ्या अक्षरात करत होतो. २००४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं पहिल्या वर्षाच्या १,६००हून अधिक विद्यार्थ्यांना एकेक आयपॉड वाटून टाकला, ही बातमी वाचून मला त्या मुलांचा फार हेवा वाटला. पण त्यांचाही अनुभव असा, की खरा उपयोग झाला तो परकीय भाषा आणि संगीत अशा, कानांनी शिकायच्या विषयांत. पुढच्या वर्षापासून त्यांनी सरसकट वाटणं थांबवून ज्या वर्गांना गरज आहे त्यांनाच यंत्रं द्यायला सुरुवात केली. फिरून गोष्ट गरजेवर आणि नोंदवहीवर आली, याचं मला मनापासून बरं वाटलं. २०१०मध्ये सोनीनं जपानात कॅसेटचं वॉकमन विकणं बंद केलं.

आणि आता तर उसनं द्यायला काही उरलेलं नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी उमरग्याजवळच्या खेड्यातून आली. येण्याआधीच तिनं फोनवर ऐकून ऐकून जर्मनचे सगळे स्वर जिभेवर बसवले होते, आणि तिचं ‘इश’ ऐकून मला तो साताऱ्याचा मुलगा आठवला. फोन आता वाक्य सावकाश ऐकवतो आणि तरी बाईचा आवाज बाईचाच राहतो. हवं तितक्या वेळा, रात्री केव्हाही, कुणाच्या सहीशिवाय. हे चांगलं आहे. ज्यांची पाळी कधी आलीच नाही अशी कितीतरी मुलं आमच्या काळात होती. त्यांच्यासाठी हे घडायला हवंच होतं. मला चुटपुट लागते ती दोन भोकांची. वर्गात तीसजण तीस कानगोष्टी ऐकत बसतात, आणि एकाच क्षणी एकच वाक्य दोघांच्या कानात पडल्यावर नजरानजर होते, ती होत नाही. म्हणून अधूनमधून मी सगळ्यांना फोन बाजूला ठेवायला सांगतो, टेबलावर एक छोटा स्पीकर मांडतो आणि एकच संभाषण सगळ्यांना एकदम ऐकवतो. मुलं हसतात, पण ऐकतात.

गेल्या वर्षी याच धाग्याचं दुसरं टोक हाती लागलं. माझी पुतणी चाकणला एका जपानी कारखान्यात दुभाषी आहे. तिथले एक साहेब, ओकायामाचे, साठीला टेकलेले, त्यांना मराठी शिकायची आहे: कारखान्यातल्या लोकांशी बोलायला, कँटीनमधल्या मावशींना पोळ्या छान झाल्यात हे सांगायला. पुस्तकं त्यांनी मागवली, ॲप बघितलं, पण त्यात मराठी कमी आणि जी आहे ती बातम्या वाचल्यासारखी. त्यांना घरातला आवाज हवा होता. पुतणीनं आम्हांला विचारलं, आणि रविवारी दुपारी, पंखा बंद करून, गॅलरीचं दार लावून, मी आणि माझी बायको फोनसमोर बसतो. वाक्य मी म्हणतो, उत्तर ती देते, आणि मधे आम्ही जागा सोडतो. ती किती सोडायची यावर मी अडून बसतो. चांगली ऐसपैस हवी, त्यांचं क्रियापद येईपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा हिनं घाई केली, तेव्हा मी तिला पुन्हा म्हणायला लावलं, आणि जागा भरेस्तोवर आम्ही दोघं घड्याळाकडे न बघता गप्प बसलो. पहिले चार धडे पाठवून झाले आहेत: नमस्कार, चहा, पाऊस, तब्येत. साहेबांनी ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतले दोन्ही ‘च’ बरोबर म्हणून उलट पाठवले आणि तिसऱ्या धड्यात हिनं ‘भिजाल हो’ म्हटलं आहे ते पुन्हा ऐकवा, अशी मागणी केली. आता मंडईचा धडा करायचा आहे. भाव विचारणं, कोथिंबिरीची जुडी निवडणं, थोडी घासाघीस, वर चार मिरच्या मागून घेणं. यात मी बोलणार नाही असं ठरलं आहे. मंडईतली मराठी तिच्याच आवाजात हवी, आणि भाजीवाली म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंना बोलवायचं आहे.